सपाट छपराचा हिशेब

वैशाख अर्ध्यावर आला, की छत्रपती संभाजीनगरात दोन प्रकारची माणसे वारंवार आकाशाकडे पाहू लागतात. एक शेतकरी व दुसरे घरमालक. शेतकऱ्यास पाऊस हवा असतो. घरमालकासही तो हवाच असतो, परंतु घरात नको असतो. याच दिवसांत पुष्कळ कुटुंबांत एक जुना विषय नव्याने निघतो. परसातील कोठीवर, वाहनाच्या शेडवर किंवा गच्चीला लागून काढलेल्या खोलीवर छप्पर कशाचे घालावे? वडील मंडळी म्हणतात, स्लॅब टाका, म्हणजे पुन्हा पाहावयास नको. चिरंजीव म्हणतात, पत्रे टाकू, दोन दिवसांत काम उरकेल. घरातील स्त्रिया, ज्यांना त्या जागेत प्रत्यक्ष वावरावयाचे असते, त्यांचे मत बहुधा सर्वांच्या शेवटी विचारले जाते. आणि त्यांचा प्रश्न बहुधा सर्वांत नेमका असतो. त्या विचारतात, तेथे चैत्र-वैशाखाच्या दुपारी माणसाला बसवेल काय?

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण घरापुरती लक्षात ठेवतो. शेडचे काम निघाले की तिचा विसर पडतो आणि बाजारात जाऊन पहिला प्रश्न केला जातो तो चौरस फुटाच्या दराचा. दर विचारू नये असे आमचे म्हणणे नाही. संसारी माणसाने तो विचारलाच पाहिजे. परंतु छपराला आयुष्यभर चार गोष्टी सोसाव्या लागतात, आणि त्यांचा विचार दराच्या आधी व्हावयास हवा. त्या चार गोष्टी म्हणजे ऊन, पाऊस, वारा आणि छपराचे स्वतःचे वजन. पहिल्या तीन बाहेरून येतात, त्यामुळे त्या सर्वांच्या ध्यानात असतात. चौथी आपणच वर चढवून ठेवतो आणि विसरून जातो. या चौथ्या गोष्टीची ओळख मराठवाड्याला फार भारी किंमत देऊन झालेली आहे. म्हणून कोणत्याही नव्या छपराचा विचार करण्यापूर्वी येथील जुन्या छपराकडे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविलेल्या या नगरीच्या जुन्या पेठांत, पैठणच्या वाड्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत परंपरेचे छप्पर म्हणजे माळवद. कोकणातील माणसास ते प्रथम पाहताना नवल वाटते. त्याच्याकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून त्याचे छप्पर चांगले उतरते, कौलारू. आमच्या या भागात सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, आणि चाळीस अंशांच्या पुढे जाणारे ऊन. जेथे पाऊस बेताचा आणि ऊन बेसुमार, तेथे उताराची गरज कमी आणि जाडीची गरज अधिक. आमच्या पूर्वजांनी हे ओळखून जे साधले ते माळवद होय.

त्याची रचना थोडक्यात सांगतो. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्यांची दाट बिछायत, तीवर पाला अथवा काड, आणि त्यावर मातीचा जाड थर चोपून बसविलेला. सर्वांत वर खारवट पांढरी माती. तिची निवड आंधळेपणाने झालेली नाही. अशा मातीत सोडियमचे क्षार अधिक असतात. ती पाण्याने भिजली की तिचे कण सुटून फुगतात व बारीक छिद्रे बुजवितात. शेतकरी जिला चोपण म्हणून नावे ठेवतो, कारण तीत पाणी मुरत नाही, तीच माती याच दोषामुळे छपरावर गुणाची ठरली. पाणी जाण्यास पन्हळी आणि उजेडास मध्ये एखादे साणे ठेवले, की काम पुरे झाले.

माळवदाखालच्या माजघरातील गारवा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे गुण सांगावयास नकोत. जाड माती दिवसाचे ऊन सावकाश शोषते; ते आत उतरेपर्यंत रात्र झालेली असते. माळवदावर कुरडया आणि सांडगे वाळत, तूर-हरभरा पसरला जाई, आणि उन्हाळ्याच्या रात्री घरातील निम्मी मंडळी तेथेच झोपत. परंतु या छपराची एक अट होती. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी कोणीतरी वर चढावयाचे, भेगा पाहावयाच्या, उगवलेले गवत उपटावयाचे आणि पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावयाचा. ही अट पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्या पाळण्यातच एक धोका वाढत गेला, तो कोणाच्या लक्षात आला नाही.

नवा थर देणाऱ्याने जुना थर काढला नाही, तर काय होते, हे अंकगणित सोपे आहे. वर्षास अर्धा इंच माती वाढली असे धरले, तर चोवीस वर्षांत एक फूट होते आणि अठ्ठेचाळीस वर्षांत दोन फूट. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली घ्या. तिच्या छपरावर एक फूट जाडीची कोरडी माती असली, तर तिचे वजन सुमारे साडेपाच टन भरते. दोन फूट झाली तर अकरा टन, आणि पावसाने भिजली की त्याहून अधिक. आजोबांनी घातलेले छप्पर नातवाच्या काळात दुपटीने जड झालेले असते. खालच्या भिंती मात्र आजोबांच्याच असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, हा हिशेब लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत एकाएकी पुढे आला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतील कित्येकांत यामानाने फार थोडी माणसे दगावली. येथे मात्र सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या काळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे सावधगिरीचे कारणही कोणास दिसले नव्हते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील घरांच्या भिंती दगडांच्या व मातीत रचलेल्या होत्या. दगड आतल्या-बाहेरच्या दोन थरांत लावलेले, आणि त्या दोन थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. त्यांवर वर्षानुवर्षे जाड होत गेलेले माळवद. भिंती फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. जेथे छपराचा भार भिंतींवर न टाकता खणांच्या लाकडी खांबांवर घेतलेला होता, अशा कित्येक घरांत भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर उभे राहिले, आणि आतली माणसे वाचली.

या प्रसंगाचा अर्थ लावताना पुष्कळांनी माळवदालाच दोषी ठरविले. आम्हांस तो न्याय अपुरा वाटतो. माळवद बांधणाऱ्याने ते खांबांवर तोलले होते आणि मातीचा थर बेताचा घातला होता. पुढे लाकूड महाग झाले तसे खांब गेले व भार दगडमातीच्या भिंतींवर आला. आणि दरसाल केलेल्या काळजीचेच डोक्यावर ओझे झाले. नंतरच्या पुनर्वसनात जुनी घरे सुरक्षित करण्यासाठी तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले, त्यांत हीच गोष्ट होती: माती उतरवून थर पातळ करा, त्यात पाणी न झिरपणारे प्लॅस्टिकचे कापड अंथरा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार दगड बसवा. ज्या वाचकांच्या गावाकडील वाड्यास आजही माळवद आहे, त्यांनी येत्या सुटीत निदान एवढे करावे, की साण्याच्या कडेशी मातीची जाडी मोजून पाहावी. ती फुटाच्या पुढे असेल, तर नवी माती आणण्याआधी जुनी खाली आणावी.

आता नव्या शेडकडे वळू. वर घेतलेल्याच दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंचांचा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब टाकला, तर त्याचे वजन सुमारे साडेतीन टन होते. त्याच जागेवर अर्ध्या मिलिमीटर जाडीचे जस्ती पत्रे घातले, तर पन्नास-साठ किलो. साडेतीन टन आणि साठ किलो! हे अंतर मनात धरले, म्हणजे निवडीचे निम्मे काम होते. जुन्या भिंतीला टेकून, पाया न पाहता, वरच्या मजल्यावर स्लॅब टाकणे हे साहस आहे. तेथे स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून गवंड्याच्या शब्दावर विसंबू नये.

हलके म्हणून पत्रा घ्यावा, असे ठरले तरी लगेच पत्र्याच्या दुकानात जाऊ नये. आधी उतार ठरवावा, मग पत्रा ठरवावा. लोक याच्या उलट करतात. जोडावर जोड देऊन घातलेल्या साध्या पन्हळी पत्र्यास सहा फुटांस एक फूट असा उतार असावा. म्हणजे दहा फूट रुंदीच्या शेडची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे वीस इंच उंच हवी. तेवढी उंची मिळत नसेल, तर उंच कण्यांचा आणि वरपासून खालपर्यंत अखंड, मध्ये जोड नसलेला पत्रा घ्यावा. तो अकरा फुटांस एक फूट एवढ्या उतारावरही चालतो. सिमेंटच्या पन्हळी पत्र्यास तीन फुटांस एक फूट उताराची रीत आहे. मंगळुरी कौले, जी बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कारखाना काढल्यापासून दक्षिणेत व पश्चिम किनाऱ्यावर पसरली, त्यांना तर दोन फुटांस एक फूट उतार हवा. यावरून हे उघड होईल, की कमी उताराच्या शेडवर कौले घालून मग गळतीबद्दल कौलांस बोल लावणे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणे होय.

पत्र्याचा खरा वैरी पाऊस नसून वारा आहे. वळवाच्या पावसाआधी येणारी वावटळ सर्वांनी पाहिली आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारे सत्तेचाळीस किलो भरतो. बाजूंनी उघड्या शेडखाली तो शिरला, की वर घेतलेल्या आकाराच्या छपरास पाचशे किलोंच्या जवळपास जोराने वर उचलू पाहतो. आणि छपराचे वजन तर साठ किलो! यावर आपल्याकडे सर्वत्र दिसणारा उपाय म्हणजे पत्र्यावर दगड ठेवणे. वीस किलोंचे दहा दगड ठेवले तरी दोनशे किलोच होतात. तो वारा पत्रा उचलतो आणि दगडही सोडतो, मग ते खालच्या माणसाच्या डोक्यावर पडोत की अंगणातल्या मुलाच्या. छपरावर दगड ठेवणे म्हणजे छप्पर नीट बांधले नाही, याची जाहीर कबुली होय. पत्रा आडव्या लोखंडी पट्ट्यांस रबरी वॉशरच्या स्क्रूंनी घट्ट धरावा. कडेच्या ओळीस स्क्रू अधिक द्यावेत, कारण वारा कडेपासून उचलतो. पन्हळी पत्र्यात ते पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगटात नव्हे. खोलगटातून पाणी वाहते. पट्ट्या खांबांस आणि खांब जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेले असावेत. साखळीचा एक दुवा सुटला तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

उन्हाचा प्रश्न राहिला. उघड्या पत्र्याखाली वैशाखात बसवत नाही, हे घरातील स्त्रियांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पत्र्यास जाडी नसल्यामुळे ऊन त्यावर पडताक्षणी आत उतरते. पांढऱ्या रंगाचा पत्रा घेतला किंवा जुन्यास ऊन परतविणारा पांढरा रंग दिला, तर पुष्कळ फरक पडतो. त्याखाली हवा खेळेल अशी वीतभर जागा सोडून बांबूच्या चटईचे किंवा फळ्यांचे आढे बांधले, तर आणखी पडतो. नित्य वावराची खोली असेल, तर दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेली जी तयार पाने मिळतात, ती महाग असली तरी विचारात घ्यावीत. दोन इंच जाडीच्या पानाचे वजन चौरस मीटरास दहा-बारा किलोच असते, आणि त्यात माळवदाचा गारवा काही अंशी मिळतो. मात्र आगीच्या दृष्टीने आत कोणता फेस आहे, हे विचारून घ्यावे. चुलीच्या किंवा गॅसच्या जागेवर तशी पाने घालू नयेत.

सिमेंटच्या पत्र्याविषयी स्वतंत्र दोन शब्द लिहिणे भाग आहे. तो जस्ती पत्र्याहून कमी तापतो आणि गंजत नाही, म्हणून पुष्कळांना प्रिय आहे. परंतु जुन्या सिमेंट-पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत गणले आहेत, आणि अनेक देशांनी त्याचा वापर बंद केला आहे. पत्रा स्वस्थ असतो तोवर धोका थोडा; तो कापताना, भोके पाडताना, फोडताना किंवा घासताना जी धूळ उडते तिच्यात धोका असतो, आणि तिचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून नव्या शेडसाठी हा पत्रा घेऊ नये. घरावर जुना असेल तर त्याच्यावर करवत चालवू नये, कोरड्या झाडूने झाडू नये, आणि त्याचे तुकडे मुलांच्या हाती जाऊ देऊ नयेत. त्याच्यावर पाय देऊन चढणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. तो सूचना न देता तुटतो आणि माणूस सरळ खाली जातो.

स्लॅबची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ज्यावर पुढे मजला चढवावयाचा आहे, ज्यावर पाण्याची टाकी बसवावयाची आहे किंवा उन्हाळ्यात वाळवणे घालावयाची आहेत, तेथे स्लॅबच योग्य. परंतु 'स्लॅब टाकला की पुन्हा पाहावयास नको' ही समजूत आपण सोडली पाहिजे. सपाट स्लॅब वस्तुतः सपाट नसावाच; निदान शंभर फुटांस एक फूट एवढा उतार पन्हळीकडे हवा. कठडा आणि स्लॅब जेथे मिळतात तेथे गोलाई हवी, कारण गळती बहुधा त्या कोपऱ्यातूनच सुरू होते. दुपारचे ऊन स्लॅब रात्री खोलीत सोडतो. त्यास वरून पांढरा लेप दिला तर हा त्रास कमी होतो.

आणि येथेच किल्लारीचा धडा नव्या रूपाने पुढे येतो. स्लॅब गळू लागला, की गवंडी त्यावर विटांच्या तुकड्यांचा चार इंच कोबा घालतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीवर हे दोन टनांहून अधिक वजन झाले. दहा-पंधरा वर्षांनी तो कोबा गळतो, तेव्हा दुसरा गवंडी त्याच्यावर आणखी एक कोबा घालतो. जुना फोडण्याची मजुरी वाचली म्हणून घरमालकही खूश होतो. पुढे त्यावर फरशी बसते, आणि तिच्यावर पत्र्याची शेड उभी राहते. माती गेली आणि सिमेंट आले एवढेच; वर चढविणे चालू आहे आणि उतरविणे कोणी करीत नाही. जमिनीच्या हादऱ्याची वाट पाहण्याचेही कारण नाही; गंजलेल्या सळ्यांचा स्लॅब स्वतःच्या भारानेच एके दिवशी सुटू शकतो.

सारांश, आमची शिफारस ही. सामान आणि वाहन ठेवण्याच्या शेडवर पांढरा किंवा रंगीत लेप दिलेला पत्रा पुरेशा उतारावर, नीट जखडून घालावा. माणसाने बसण्या-झोपण्याच्या खोलीवर पत्रा असेल, तर त्याखाली दुसरे आवरण अवश्य असावे. वापराची गच्ची हवी असेल आणि भिंती व पाया ते सोसतील असे जाणकाराने सांगितले असेल, तरच स्लॅब टाकावा. माळवद असेल तर ते घाईने मोडू नये. हलके करावे आणि खांबांवर आणावे. आणि कोणत्याही छपरावर नवा थर देण्यापूर्वी जुना काढल्याशिवाय गवंड्यास मजुरी देऊ नये, एवढा एक नियम घरात कायम करावा.

शेवटी एक गोष्ट कुटुंबाच्या व्यवस्थेविषयी. एकत्र कुटुंबात छप्पर सर्वांचे असते, आणि म्हणून त्याची वर्षाची पाहणी कोणाचीच नसते. थोरले म्हणतात धाकट्याने चढावे, धाकटे म्हणतात पुढल्या रविवारी पाहू. या मे महिन्यात घरातील एका जाणत्या माणसाकडे हे काम नावाने सोपवावे. त्याने शिडी नीट टेकवून, खाली कोणीतरी धरून उभे असताना, पन्हळीतील पाला काढावा, सैल स्क्रू घट्ट करावेत, आणि एका वहीत तारीख घालून एवढेच लिहावे, की छपरावर आज काय आहे आणि कोणत्या साली काय घातले. ती वही घराच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढील पिढीतील जो कोणी वर चढेल, त्याला आपल्या डोक्यावर किती ओझे आहे हे तीवरून कळेल.